चुना न धरणारी जागा

रोज सकाळी दूधवाला दूध ओतून गेला की मी एक थेंब अंगठ्याच्या नखावर घेते आणि अंगठा तिरपा करते. चांगलं दूध सावकाश उतरतं आणि मागे पांढरी पुसट वाट ठेवून जातं. पाणी घातलेलं दूध चोरासारखं सटकतं, मागे काहीच ठेवत नाही. दूधवाल्याला माझी ही खोड ठाऊक आहे. तो जिन्यातूनच विचारतो, "काय मावशी, पास का नापास?" एकदा मी नुकतंच लोणचं काढलं होतं, नखाला तेल होतं, आणि थेंब नखावर टिकेचना. मी त्याला भरपूर सुनावलं. नख धुऊन पुन्हा थेंब घेतला तर दूध चोख. तो आठवडाभर हसत होता.

माझा स्वभाव संशयी आहे. घरातले सगळे तसं म्हणतात आणि मला त्यात वाईट वाटण्यासारखं काही दिसत नाही. मिठाईचा चांदीवर्ख मी बोटांनी चोळून बघते, तिखट पाण्यात टाकून बघते. एखादा माणूस फार गोड बोलला तर त्याचं काय काम असेल याचा अंदाज बांधत बसते. म्हणून यंदा दिवाळीच्या तोंडावर रंगारी स्वयंपाकघराच्या भिंतीसमोर उभा राहून मान हलवायला लागला, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हा रंगात पाणी जास्त घालून आता भिंतीवर खापर फोडणार.

गॅसच्या ओट्यामागची जागा होती. त्यानं ब्रश फिरवला, रंग एकसारखा बसला आणि आमच्या डोळ्यांदेखत आकसायला लागला. मध्ये बारीक टिकल्या उघड्या पडल्या, त्या मोठ्या झाल्या, एकमेकींना मिळाल्या आणि रंग कडेला गोळा होऊन ओघळू लागला. "मावशी, इथी तेल बसलं हाये. रंग धरत नाई," तो म्हणाला. मी ओघळाकडे बघत राहिले. रंगाचा वास, भिंतीची ओल, खिडकीतून येणारी सकाळची नवी थंडी, आणि माझ्या पाठीवर बारीक काटा. चंद्रपूरच्या दुसऱ्या मजल्यावरच्या या घरात उभी असूनही मी आरमोरीकडच्या माहेरच्या छपरीत, घरापुढच्या पडवीत, जाऊन पोचले होते.

काही वर्षांपूर्वीची ती दिवाळी सणाची नव्हतीच. माझी माय पोळ्याच्या थोडं आधी गेली होती, म्हणून त्या वर्षी घरात तळण नव्हतं की आकाशकंदील नव्हता. पण धान कुणाच्या जाण्या-येण्यासाठी थांबत नाही. हलका, लवकर पिकणारा धान कापून, चुरून झाला होता आणि नवा धान घरात यायचा म्हणजे भिंती चुन्यानं पोतल्या गेल्याच पाहिजेत. धाकटा भाऊ रमेश आणि त्याची बायको संगीता दोघांनाच काम आवरेना, म्हणून मी निघाले. ब्रह्मपुरीला गाडी बदलली. पहाटेची एसटी होती, खिडक्यांच्या काचांवर आतून धुकं धरलं होतं. फक्त जिथे जिथे रोज कुणी ना कुणी तेल लावलेलं डोकं टेकवून झोपत असेल, तिथे काचेवर गोल डाग होते आणि त्या डागांत धुकं निराळंच धरलं होतं, मोठ्या थेंबांचं, विस्कटलेलं. मी रुमालानं माझ्या जागेची काच पुसली. डाग नुसता फिसकटला. कुणाचं डोकं कुणास ठाऊक, असं म्हणून मी काचेपासून लांब सरकून बसले.

घरी पोचले तर संगीतानं पाणी दिलं, पण डोळे वर केले नाहीत. रमेश बैलांच्या कोठ्याशी काहीतरी करत होता आणि माझ्याकडे येण्याची त्याला घाई नव्हती. मला लगेच वाटलं, हे माझ्यापासून काहीतरी लपवताहेत. मायच्या पाटल्यांपासून शेताच्या सातबाऱ्यापर्यंत सगळे संशय चहा संपेपर्यंत माझे घेऊन झाले. मग संगीता मला हाताला धरून छपरीत घेऊन गेली आणि तिनं लांब उभं राहून बोट दाखवलं.

छपरीची भिंत चुन्यानं पांढरीशुभ्र झाली होती, आणि त्या पांढऱ्यात, माझ्या कमरेपेक्षा थोडा खाली, एक पंजा होता. मातकट, काळपट, चार बोटांचा. कुणी चुन्यात हात बुडवून उमटवला असता तर तो पांढरा उमटला असता. इथे उलटंच होतं. सगळीकडे चुना बसला होता आणि पंजापुरता तो बसायला तयार नव्हता.

रमेशनं माझ्यासमोर पुन्हा एक हात देऊन दाखवला. कुंचा फिरला, पंजा झाकला गेला. आम्ही बघत राहिलो. ओला चुना क्षणभर थरथरल्यासारखा झाला, मग तळव्याच्या मध्यावर एक भोक पडलं, ते पसरलं, चुन्याचं पाणी बोटांच्या फटींमधून बाजूला सरलं आणि खाली ओघळलं. आधी तळवा उघडला, मग एकेक बोट. संगीतानं पदर तोंडाला लावला. मी संशयी असले तरी भित्री नाही, पण खरं सांगते, तेव्हा मीही दोन पावलं मागे सरकले.

"जनीचा हात हाये तो," रमेश म्हणाला.

जनाबाई म्हणजे आमची शेजारीण, दोन घरांत फक्त एक काटेरी कुंपण. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, मोहाची फुलं, चारोळी, टोरी असं जंगलातलं वेचून आणि दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत रोवणी-कापणी करून ती एकटी जगत आली. टोरी म्हणजे मोहाच्या बिया. त्यांचं तेल ती काढून आणायची आणि शिशीत भरून विकायची, बरंचसं तसंच वाटायची. मायची आणि तिची ऊठबस होती. शेवटच्या पावसात मायचे गुडघे धरले तेव्हा रोज संध्याकाळी तेल घेऊन तीच यायची. माय गेली, आणि लोकांनी मागे वळून मोजणी सुरू केली: शेवटी घरात कोण येत होतं, तिच्या हातचं काय अंगाला लागलं. कुणाची गाय आटली होती, कुणाचं लेकरू तापानं फणफणलं होतं, ते सगळं हळूहळू जनाबाईच्या दाराशी नेऊन टाकलं गेलं. भानामती हा शब्द आधी कोण बोललं ते मी विचारलं. प्रत्येकानं दुसऱ्याचं नाव सांगितलं.

आणि त्यात आता हा पंजा. दुसऱ्या दिवशी सकाळी गावातली चार माणसं छपरीत येऊन तो बघणार होती. त्यांना पटला की नदीपलीकडून पुजारी, म्हणजे देवऋषी, आणायचा, त्यानं करणी करणारीचं नाव काढायचं, आणि मग जनाबाईनं गाव सोडायचं. गाव सोडायचं हे बोलायला सोपं. आमच्या भागात असं नाव निघालेल्या बाईचं काय काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी मोठ्यानं बोलत नाही. मी रमेशला जादूटोण्याविरुद्धच्या कायद्याची आठवण करून दिली, आरमोरीच्या ठाण्यात जाईन म्हटलं. तो शांतपणे म्हणाला की पोलीस येतील आणि संध्याकाळी परत जातील, गावात आपल्यालाच राहायचं आहे.

मी त्याच्यावरही संशय घेतला, ते लपवत नाही. कुंपणापलीकडची जनाबाईची परसबाग आमच्या विहिरीला लागून आहे. ती गेली तर ती जागा कुणाच्या कामाची, हे मला दिसत होतं. मेणबत्ती चोळून भिंतीवर असा पंजा कुणालाही काढता येईल, असंही मनात आलं. रात्री जेवताना मी त्याच्या बोटांकडे बघत होते. पण तो घास हातात घेऊन बसून राहिला आणि म्हणाला, "बाई, माय मले शेवटी काई बोलली नाई. काऊन बोलली नाई, सांग." तेव्हा मला कळलं की याला जागा नको आहे. माय गेली याचा दोष ठेवायला याला कुणीतरी हवं आहे. हे कळलं म्हणून माझी भीती कमी झाली नाही, उलट वाढली. जागेचा लोभ असलेल्या माणसाशी बोलता येतं.

तवा नवा असला की माय त्यावर लगेच धिरडं टाकायची नाही. अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवत बसायची. पीठ तेच, पाणी तेच, पण तव्याच्या अंगात काय मुरलं आहे त्यावर धिरडं पसरायचं की गोळा व्हायचं ते ठरायचं. एकदा मी तवा पावडर लावून लखलखीत घासला तर तिनं कपाळाला हात लावला होता. धानाच्या पातीचंही तसंच. पावसाचा थेंब तिच्यावर ठरत नाही, मोत्यासारखा घरंगळतो, म्हणून फवारणी करताना रमेश औषधात चिकट द्रव मिसळतो, नाहीतर सगळं औषध चिखलात. आपण समजतो, पाणी जातं आपल्या मनानं. पाणी कुठं आपल्या मनानं जातं? खालचं जे काही असतं ते त्याला जवळ करतं किंवा लांब सारतं, आणि आपल्याला वरचं तेवढं दिसतं. हे मला आज ओट्यासमोर उभं राहून नीट मांडता येतं. त्या दिवाळीत मात्र मी तवा, पात, एसटीची काच, सगळं पाहिलेलं असून त्या भिंतीसमोर अडाण्यासारखी उभी होते. भीती बसली की माणूस आपल्याच घरातलं विसरतो.

जनाबाईला मी संध्याकाळीच भेटून आले होते. तिनं दार अर्धंच उघडलं. एरवी माझे गाल कुस्करणारी बाई माझ्या हातांकडे बघत होती, मी काही आणलं आहे का, कशात काही घातलं आहे का, अशा नजरेनं. मी तिच्यासाठी ब्रह्मपुरीहून केळी घेतली होती. तिनं घेतली नाहीत. चूल पेटलेली नव्हती. तिनं गाठोडं बांधून कोपऱ्यात ठेवलं होतं, ते मी न पाहिल्यासारखं केलं. गावानं तिच्यावर संशय घेतला होता आणि तिनं सगळ्या गावावर, माझ्यासकट. तिला दोष देण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं.

सकाळी माणसं यायची होती त्याच्या आधी मी धानाची पोती शिवायला बसले. सगळ्या छपरीभर पोती रचलेली. पंजाजवळ कुणी जात नव्हतं, म्हणून तेवढीच जागा रिकामी होती, आणि तिथे उजेडही चांगला होता. मी चिडलेली होते. पंजा असो नाहीतर आणखी काही, मला दाभण ओवायला दिसायला हवं. मी दोन पोती आडवी टाकली, त्यावर बसले आणि शिवायला लागले. संगीता उंबऱ्यातून बघत होती, मला ऊठ म्हणायचीही तिला छाती होत नव्हती.

माझे गुडघे मायचेच आहेत. बराच वेळ बसले की ते लगेच सरळ होत नाहीत. दोरा संपला, मी उठायला गेले, गुडघ्यानं दगा दिला आणि तोल सावरायला मी न बघता भिंतीला हात टेकला.

संगीताच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला. मी बघितलं. माझा हात पंजात होता. जवळपास होता असं नव्हे, पंजातच बसला होता. उठताना जोर येतो तो तळव्यावर आणि चार बोटांवर, अंगठा वरच राहतो. माझाही राहिला होता.

मी तशीच उभी राहिले आणि मग ज्या सवयीला सगळे हसतात तीच कामाला आली. मी हात बाजूला केला, वाकले आणि भिंतीचा वास घेतला. वरवर चुन्याचा. नाक अगदी टेकवलं तेव्हा त्याच्या आतून आला टोरीच्या तेलाचा, कडवट, जुनाट, उग्र. ज्याला सवय नाही त्याला मळमळेल असा. मायच्या लुगड्याचा, मायच्या गोधडीचा, मायचा वास. दोन अडीच महिने मी रडले नव्हते, कामं होती. त्या भिंतीला नाक लावून मी रडले.

ज्या खाटेवर माणूस जातं ती खाट आमच्याकडे घरात ठेवत नाहीत. मायची खाट तिच्याबरोबरच घराबाहेर गेली. ती इथेच होती, याच भिंतीला लागून. पावसाळा लागल्यापासून माय तिच्यावर बसून गुडघ्यांना तेल चोळत होती आणि तेलकट हातानं भिंत धरून उठत होती, रोज, एकाच जागी. भिंतीनं ते तेल पिऊन घेतलं. उघाड पडली, थंडी आली, टोरीचं तेल थंडीत तुपासारखं गोठतं तसं ते भिंतीच्या अंगात गोठलं. खाट गेली आणि तिच्याबरोबर ती जागा कशाची होती हेही सगळ्यांच्या डोक्यातून गेलं. सुतकाची रीत पाळण्यात कुणी चुकलं नव्हतं, त्यामुळेच कुणाच्या लक्षात आलं नाही.

मी रमेशला हाक मारली. तो आला, मी त्याला पोत्यावर बसवलं आणि ऊठ म्हटलं. त्याचे गुडघे तरणे, तो तसाच उठला. मी म्हटलं, दुखतं असं समजून ऊठ. तो माझ्याकडे वेड लागल्यासारखा बघत पुन्हा बसला, आणि यावेळी उठताना त्याचा हात आपोआप गेला. त्याचा पंजा मोठा, बोटं बाहेर गेली. त्यानं हात काढला नाही. वास घे म्हटलं, तर त्यानं वास घेतला आणि कपाळ भिंतीला टेकवून तसाच राहिला. केसांना चुना लागला. संगीता हळूच म्हणाली की तेल तर जनाबाईचंच होतं. मी तिला सांगितलं की तेच तेल मी चंद्रपूरला नेऊन वर्षभर लावते आहे आणि अजून सगळ्यांच्या डोक्यावर बसलेली आहे.

गावातली माणसं आली तेव्हा रमेशनं कुणाला काही समजावलं नाही. एकेकाला पोत्यावर बसवलं, थोडा वेळ थांबवलं आणि उठायला सांगितलं. सगळी पिकल्या केसांची माणसं. आमच्या छपरीत त्या जागी हात टेकायला दुसरं काही नाही, ना खांब ना खुंटी. एक उठला, हात पंजावर. दुसरा उठला, हात पंजावर. तिसऱ्याला कळलं होतं, तो मुद्दाम हात मांडीवर ठेवून उठायला गेला आणि पुन्हा पोत्यावर बसला. कुणी हसलं नाही. चौथ्या म्हाताऱ्यानं बसायलाच नकार दिला. तेलाचं ठीक आहे, पण तेलात काही टाकलं नसेल कशावरून, असं पुटपुटत तो निघून गेला. मला त्याचं नवल वाटलं नाही. मीही त्याच संशयी जातीची आहे. पण पुजाऱ्याला आणायचा विषय त्यानंतर कुणी काढला नाही, आणि रमेश स्वतः कुंपणाचे काटे बाजूला सारून पलीकडे गेला.

तिथे काय बोलणं झालं मला माहीत नाही. बराच वेळ झाला तरी तो येईना, तेव्हा तिनं गाठोडं उचललं असेल आणि हा नुसता उभा असेल असं मला वाटत राहिलं. शेवटी तो एकटाच परतला. तिनं त्याच्याबरोबर यायला नकार दिला होता. छपरीत बोलावून चार माणसांदेखत आणखी काही करतील, अशी तिला शंका होती. खोटी म्हणता येणार नाही.

इकडे चंद्रपूरला रंगाऱ्यानं विचारलं की साबणाच्या पाण्यानं घासून प्रायमर मारू का. मी त्याला थांबवून भिंतीचा वास घेतला. तो ब्रश धरून बघत राहिला. नुसता फोडणीचा वास होता, मोहरी आणि करपलेला लसूण. घास म्हटलं. ते झालं की डब्यातला रंग एकदा मला दाखव, असंही म्हटलं, कारण पाणी जास्त होतं ते होतंच.

त्या दिवाळीत जनाबाई आली ती माणसं येऊन गेल्यावर दोन-तीन दिवसांनी, उन्हं उतरताना, घरात फक्त मी आणि संगीता असताना. तोवर भिंतीला पुन्हा हात दिला नव्हता. पोती तशीच आडवी होती. ती कुणाकडे न बघता छपरीत आली, पोत्यावर बसली, आणि पंजाकडे इतका वेळ बघत राहिली की संगीता चहा करायला म्हणून आत सटकली. मी शेजारी बसले. तिच्या अंगाला तोच वास होता.

"रोज सांगो मी तिले," जनाबाई म्हणाली. "हात पुसून टेकत जा, भिंत खराब होते. आयके नाई."

मग तिनं स्वतःचा तळवा पदराला नीट पुसला, बोटं एकेक करून पुसली, आणि पंजावर हात ठेवून उठली.